सॅमन समुद्रात गेल्यावर मरतो तेव्हा हॅचरीला किती जबाबदार धरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यावरील एका सागरी केंद्रावर आपण काम करता. ऑक्टोबरमध्ये शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांत दोन वेगळ्या हॅचऱ्यांमधले स्मोल्ट, म्हणजे समुद्रासाठी तयार झालेली सॅमनची पिल्ले, सोडले गेले. पहिला गट वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या हॅचरीतला, सरासरी १३० ग्रॅमचा. दुसरा तेच पाणी शुद्ध करून फिरवणाऱ्या, म्हणजे आरएएस पद्धतीच्या हॅचरीतला, सरासरी २८० ग्रॅमचा. दोन्ही गटांची खाऱ्या पाण्याची चाचणी उत्तीर्ण होती. तरी दुसऱ्या गटात पहिल्या दोन महिन्यांत न खाणारे मासे जास्त दिसले, आणि फेब्रुवारीत माशांच्या कातडीवर बसणाऱ्या सागरी उवा काढण्यासाठी कोमट पाण्याची प्रक्रिया केल्यावर त्या पिंजऱ्यात मोठी मरतूक झाली. केंद्रप्रमुख म्हणतात, दोष हॅचरीचा. हॅचरी म्हणते, आमचे प्रमाणपत्र पाहा. आपण विचारता, की हॅचरीत जे घडले ते पाच महिन्यांनी समुद्रात उमटू शकते का, की ही नुसती पळवाट आहे?

उमटू शकते, आणि अनेकदा उमटते. पण आपल्या प्रश्नामागचा खरा गुंता वेगळाच आहे. प्रमाणपत्राने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न फार अरुंद होता, आणि दोन्ही बाजू मात्र त्या उत्तराला संपूर्ण माशाची हमी समजून वाद घालत आहेत. गाडीला पीयूसी मिळाले म्हणून तिचे ब्रेक चांगले आहेत असे आपण धरून चालत नाही. इथे नेमके तेच धरून चालले आहे.

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आणि आता पश्चिम नॉर्वेत मत्स्यआरोग्याचे काम करतो. हॅचरी आणि सागरी केंद्र या दोन्ही ठिकाणी जावे लागत असल्याने ही तक्रार दोन्ही तोंडांनी ऐकायला मिळते. आपले मासे मी पाहिलेले नाहीत. माशांचा वाण, हॅचरीच्या पाण्याचे रसायन, खाद्य, अंगात आधीपासून असलेले विषाणू आणि सोडण्याच्या आठवड्यातले समुद्राचे तापमान यांवर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते आपल्या पिंजऱ्याचे निदान समजू नये. निदानाकडे कसे जावे याची ती मांडणी आहे. आपला प्रश्न एकट्या आपल्या केंद्राचा नाही, हेही सांगायला हवे. नॉर्वेच्या पशुवैद्यकीय संस्थेच्या वार्षिक अहवालानुसार २०२३ मध्ये समुद्रातील पिंजऱ्यांत सुमारे ६ कोटी २८ लाख सॅमन मेले आणि मरतुकीचे प्रमाण १६.७ टक्के होते. साधारण सहा माशांमागे एक मासा काढणीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ.

आता मुळाकडे येऊ. नॉर्वेच्या नद्यांत अटलांटिक सॅमनचे पिल्लू साधारणपणे दोन ते पाच वर्षे गोड्या पाण्यात काढते आणि वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्याचे शरीर समुद्रासाठी तयार होते. अंगावरचे गडद पट्टे जाऊन रुपेरी झाक येते, शरीर लांबट होते, प्रवाहाशी झुंजण्याऐवजी मासा प्रवाहाबरोबर खाली निघतो. आतला बदल यापेक्षा मोठा असतो. गोड्या पाण्यात माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, म्हणून पाणी सतत आत शिरते. मासा ते भरपूर पातळ लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार ओढून घेतो. समुद्रात हे सगळे उलटते. तेथे मासा समुद्राचे पाणी पितो, सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांतून बाहेर फेकतो, मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडातून काढतो. कल्ल्यांतील सोडियम-पोटॅशियम एटीपीएज या विकराचे गोड्या पाण्यातले रूप मागे पडून खाऱ्या पाण्यातले रूप पुढे येते, आणि या बदलावर कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरक यांचा ताबा असतो.

हॅचरीत हाच बदल दिव्यांनी घडवला जातो. माशांना साधारण सहा आठवडे छोटा दिवस दाखवायचा, म्हणजे कृत्रिम हिवाळा द्यायचा, आणि मग चोवीस तास उजेड सुरू करायचा. त्यानंतर सुमारे ३५० ते ४०० अंश-दिवसांनी मासा समुद्रासाठी तयार होतो. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज म्हणजे अंश-दिवस. १२ अंशांच्या पाण्यात महिनाभरात ३६० भरतात. ही तयारी कायम टिकत नाही. पाणी जितके कोमट, तितका तयारीचा काळ लवकर येतो आणि लवकर सरतो, आणि तो सरला की मासा गोड्या पाण्यातल्या अवस्थेकडे परतू लागतो. वेलबोट, म्हणजे जिवंत मासे वाहून नेणारी बोट, आठवडाभर उशिरा आली तर ८ अंशांच्या टाकीतल्या माशांचे फारसे बिघडत नाही. १४ अंशांच्या टाकीतल्या माशांचे बिघडू शकते. हॅचरीच्या नोंदींत चाचणीची तारीख आणि प्रत्यक्ष उचलण्याची तारीख यांत किती अंतर आहे, हे म्हणून मी सर्वांत आधी पाहतो.

चाचणीविषयीही बोलले पाहिजे. काही मासे २४ तास पूर्ण खाऱ्या, म्हणजे साधारण ३४ क्षारतेच्या पाण्यात ठेवतात आणि रक्तातील क्लोराइड मोजतात. ते लिटरमागे १५० मिलिमोलच्या आत राहिले तर गट उत्तीर्ण. चाचणी चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. मात्र अहवालाच्या पहिल्या ओळीत असते ती सरासरी, आणि सरासरी १४५ आलेल्या गटातही काही मासे १७० वर असू शकतात. दोन लाखांच्या पिंजऱ्यात असे दहा टक्के मासे म्हणजे वीस हजार. हेच मासे पहिल्या दोन आठवड्यांत मरतात, किंवा मरत नाहीत पण खातही नाहीत, आणि पुढे महिनोन्‌महिने पिंजऱ्याच्या कडेला पृष्ठभागाजवळ बारीक अंगाने रेंगाळत राहतात. एकेका माशाचे आकडे मागा. सरासरीवर समाधान मानू नका.

आपल्या दुसऱ्या गटाबाबत आणखी एक शक्यता आहे. पूर्वी नॉर्वेत स्मोल्टच्या वजनाला २५० ग्रॅमची मर्यादा होती. २०१० नंतरच्या दशकात जमिनीवर एक किलोपर्यंत मासा वाढवण्याची मोकळीक मिळाली. समुद्रातला काळ कमी, म्हणून उवा कमी आणि धोकाही कमी, हा त्यामागचा हिशेब आणि तो तर्काला धरून आहे. पण मोठ्या माशाला केवळ आकारामुळेही खारेपणा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून काही हॅचऱ्या कृत्रिम हिवाळा गाळतात, सलग उजेडात मासा वाढवतात आणि शेवटी निमखारे पाणी देतात. असा मासा क्लोराइडची चाचणी सहज पार करतो. तेवढ्यावरून स्मोल्टची बाकीची तयारी, म्हणजे समुद्रात गेल्यावर लगेच खाण्याची आणि झपाट्याने वाढण्याची, त्याच्यात पूर्ण झाली आहे असे मी गृहीत धरत नाही. या बाबतीत जाणकारांत एकमत नाही. हिवाळा न देता उत्तम चाललेले गटही मी पाहिले आहेत. आपल्या गटाला हिवाळा दिला होता का, एवढे मात्र विचारून घ्या.

या बदललेल्या व्यवहाराची एक बाजू फारशी बोलली जात नाही. मासा जितके जास्त महिने टाकीत राहतो, तितके त्याचे शरीर टाकीच्या परिस्थितीने घडते. समुद्रातला धोक्याचा काळ कमी करताना आपण हॅचरीच्या प्रत्येक चुकीला अधिक वेळ देतो.

मरतूक केव्हा झाली यावरून बरेच ओळखता येते. पहिल्या दोन आठवड्यांतली मरतूक बहुधा क्षार सांभाळता न येण्याची किंवा वाहतुकीतल्या इजेची असते. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंत न खाणारे मासे, कातडीवरचे व्रण आणि हॅचरीतून अंगात आलेले विषाणू समोर येतात. हृदय आणि मूत्रपिंड यांचे दोष मात्र शांत पाण्यात अंगातच झाकलेले असतात आणि माशाला गर्दीत ढकलून, उपसून, गरम पाण्यातून काढण्याचा पहिला प्रसंग येतो तेव्हा बाहेर पडतात. कणा आणि डोळे यांचा हिशेब तर कित्येकदा काढणीच्या वेळी लागतो. आपल्या दुसऱ्या गटाने दोनदा इशारा दिला आहे, एकदा दुसऱ्या टप्प्यात आणि एकदा तिसऱ्या. म्हणून मी हृदय आणि मूत्रपिंड यांकडे आधी वळेन.

जंगली सॅमनचे हृदय बोटांवर घेऊन पाहिले तर त्याचे मुख्य कोष्ठ तीन बाजूंच्या टोकदार पिरॅमिडसारखे दिसते, टोक स्पष्ट असते आणि वरची पांढरी धमनीची फुगी त्याच अक्षावर सरळ बसलेली असते. पाळीव माशाचे हृदय पुष्कळदा गोलसर असते, टोक बोथट, फुगी एका बाजूला कललेली, वर चरबीचा थर. असे हृदय रोजच्या पोहण्यापुरते चालते. पण उवा काढताना माशांना दाटीत आणले जाते, पंपाने खेचले जाते आणि २८ ते ३४ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरले जाते, तेही समुद्राचे पाणी पाच-सहा अंशांवर असताना. त्या वेळी हृदयाला क्षणात काम वाढवावे लागते, आणि ज्याच्याजवळ राखीव ताकद नाही तो मासा तिथेच किंवा पुढच्या दोन दिवसांत मरतो.

हृदयाचा आकार ठरायला फार लवकर सुरुवात होते. अंडी लवकर फुटावीत म्हणून काही ठिकाणी उबवणीचे पाणी गरम केले जाते. साधारण ८ अंशांपर्यंत ते सुरक्षित मानतात. त्याच्या पुढे गेल्यास मणक्यांतील आणि हृदयातील विकृतींचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हृदय आणि यकृत यांच्यामधला पडदाच तयार न होणे हा त्यातला ठळक दोष, आणि अशा माशाचे हृदय आधार नसल्याने वेडेवाकडे वाढते. हा दोष भ्रूणातच ठरतो. नंतर कितीही चांगले खाद्य दिले तरी तो भरून निघत नाही. त्यानंतर येतो वाढीचा वेग. कोमट पाणी आणि सलग उजेड यांत वर्षाच्या आत उभा केलेला स्मोल्ट आणि थंड पाण्यात सावकाश वाढलेला स्मोल्ट यांची हृदये शेजारी ठेवली तर पहिल्याचा आकार सामान्यापासून अधिक ढळलेला आढळतो, असे नॉर्वेत झालेल्या तुलनात्मक कामातून पुढे आले आहे.

तिसरी गोष्ट व्यायामाची, आणि ती हॅचरीच्या हातात असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे असे माझे मत आहे. टाकीतल्या पाण्याला माशाच्या अंगाच्या लांबीइतका, म्हणजे सेकंदाला एक ते दीड शरीरलांबी, वेग ठेवला तर मासा सतत पोहत राहतो; अशा माशांची वाढ चांगली होते, हृदय बळकट होते आणि संसर्गाच्या काही चाचण्यांत त्यांचे तगण्याचे प्रमाणही जास्त आढळले आहे. अडचण अशी, की मासा मोठा होतो तसा हा वेग सेंटिमीटरमध्ये वाढवत न्यावा लागतो. ५० ग्रॅमच्या माशाला बसवलेला प्रवाह २८० ग्रॅमच्या माशासाठी बराच कमी पडतो. हॅचरीला पाण्याचा वेग विचारा. उत्तर ‘ठीक असतो’ असे आले तर तो मोजलेला नाही असे समजायला हरकत नाही.

आता मूत्रपिंड. आरएएस हॅचरीत पाणी जैविक गाळणीतून जाते, तेथे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. शुद्ध ऑक्सिजन मिसळता येत असल्याने त्याच पाण्यात पुष्कळ मासे ठेवता येतात. ऑक्सिजन पुरवला तरी माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतोच. तो वाऱ्याने उडवून लावावा लागतो, आणि टाकीत माशांचे एकूण वजन वाढते तशी ती यंत्रणा अपुरी पडू लागते. नॉर्वेत लिटरमागे १५ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली जाते. सुनडाल्सओरा येथील नोफिमा संस्थेच्या आरएएस केंद्रातल्या चाचण्यांत मात्र कार्बन डायऑक्साइड जसजसा वाढतो तसतशी वाढ मंदावताना दिसली, आणि या आकड्याच्या खाली सगळे आलबेल असते असे मानता येत नाही.

हा वायू पाण्यात जास्त असेल तर तो रक्तातही साचतो. रक्त आम्लधर्मी होऊ नये म्हणून मासा बायकार्बोनेट धरून ठेवतो आणि त्या बदल्यात क्लोराइड सोडतो. असे महिनोन्‌महिने चालले की मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत कॅल्शियमचे खडे बसण्याचा धोका वाढतो. कार्बन डायऑक्साइड हे एकच कारण नाही. खाद्यातील खनिजे, निमखाऱ्या पाण्याचा वापर आणि वाढीचा वेग यांच्याकडेही बोट दाखवले जाते, आणि कोणाचा वाटा किती यावर अजून काम चालू आहे. पण परिणाम डोळ्यांना दिसतो. मासा उघडून पोहण्याची पिशवी बाजूला केली, की कण्याला चिकटून लांब गडद लाल पट्टी दिसते. निरोगी मूत्रपिंड सपाट आणि एकरंगी असते. बाधित मूत्रपिंड फुगलेले, खडबडीत असते, त्यावर पांढुरक्या उभ्या रेघा दिसतात, आणि सुरी फिरवली तर कधीकधी पात्याखाली बारीक कचकच जाणवते.

अशा माशाला समुद्रात टाकले की मूत्रपिंडावर मॅग्नेशियम आणि सल्फेट काढण्याचे नवे काम येते. कल्ले चांगले असतील तर रक्तातील क्लोराइड ठीकच राहते, म्हणजे हॅचरीची चाचणी उत्तीर्ण होते, आणि मासा आतून मात्र कसाबसा तग धरून असतो. सौम्य बाधा समुद्रात गेल्यावर काही महिन्यांत ओसरलेली मी पाहिली आहे. तीव्र बाधा असलेले मासे बहुधा त्याआधीच मेलेले असतात किंवा खाणे सोडतात. चाचणीसाठी पकडलेल्याच माशांची पोटे उघडून मूत्रपिंडाला शून्य ते तीन असे गुण देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि माझ्या मते खरेदीच्या करारात ते असायला हवे.

बाकीच्या अवयवांविषयी थोडक्यात. झपाट्याने वाढणाऱ्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, खाद्यातून पुरेसा, पचणारा फॉस्फरस मिळाला नाही तर मणके मऊ राहतात, दबतात आणि पुढे एकमेकांना जोडले जातात. असा आखूड मासा समुद्रात जगतो, पण काढणीत त्याची प्रत उतरते. मोतीबिंदूचा धडा जुना आहे. १९९० च्या दशकात गायींतील बीएसई रोगाच्या भीतीने माशांच्या खाद्यातून रक्ताची भुकटी काढली गेली, त्याबरोबर हिस्टिडिन हे अमिनो आम्ल घटले आणि समुद्रात गेल्यावर मोतीबिंदूचे प्रमाण वाढले. आज चांगल्या खाद्यात त्याची भरपाई केलेली असते. लसीचेही तसेच. तेलयुक्त लस पोटात टोचल्याने आतील अवयव एकमेकांना चिकटतात, आणि मासा फार लहान असताना किंवा पाणी फार कोमट असताना टोचली तर त्रास वाढतो. तरी लसीला दोष देताना १९८७ मध्ये या देशात माशांना सुमारे ४८ टन प्रतिजैविके दिली गेली होती आणि आज ती एक टनाच्याही खाली आहेत, हे विसरू नये. लस टोचल्याची तारीख, त्या दिवसाचे वजन आणि पाण्याचे तापमान एवढे तीन आकडे मागितले की पुरे.

नरांच्या अकाली प्रौढत्वाकडे मात्र नीट पाहा, कारण २८० ग्रॅमच्या गटाला त्याचा धोका १३० ग्रॅमच्या गटापेक्षा खूप जास्त असतो. १५-१६ अंशांचे पाणी आणि सलग उजेड एकत्र आले की नर मासे टाकीतच वयात येऊ लागतात. वृषण वाढलेला मासा गोड्या पाण्याकडे ओढ घेणारा असतो. समुद्रात त्याचे क्षारांचे गणित बिघडते, तो खात नाही, आणि त्याच्या कातडीवर व्रण लवकर होतात. न खाणाऱ्या माशांपैकी नर किती आणि त्यांचे वृषण केवढे, हे उघडून पाहिल्याशिवाय दुसऱ्या गटाविषयी मत बनवू नका.

पहिल्या गटाच्या हॅचरीचे मासे चांगले निघाले म्हणून वाहत्या पाण्याची पद्धत निर्धोक ठरत नाही. नॉर्वेचे बरेचसे गोडे पाणी मऊ आणि आम्लधर्मी आहे, पावसाळी दिवसांत त्यात ॲल्युमिनियम उतरतो आणि कल्ल्यांवर बसतो. गोड्या पाण्यात मासा धडधाकट दिसतो, खाऱ्या पाण्यात गेल्यावर तेच कल्ले क्षार बाहेर टाकू शकत नाहीत. म्हणून अनेक हॅचऱ्या पाण्यात सिलिकेट किंवा चुना घालतात. पहिल्या हॅचरीत ते घालणारा पंप त्या वर्षी बंद पडला असता तर आपण आज पहिल्या पिंजऱ्याविषयी विचारत असता.

हे सगळे वाचून केंद्रप्रमुखांची बाजू जिंकली असे त्यांना वाटू नये. हॅचरीतून निघाल्यानंतर आणि पहिला दाणा खाण्याआधी जे घडते ते पूर्णपणे आपल्या हातात असते. १३-१४ अंशांच्या टाकीतून मासा थेट आठ-नऊ अंशांच्या समुद्रात पडला का? वेलबोटीत पाणी हळूहळू थंड केले होते का? पंप करताना खवले किती गेले? खवला गेलेल्या जागी थंड पाण्यात मोरिटेला विस्कोसा आणि टेनासिबॅक्युलम हे जिवाणू व्रण करतात, आणि ऑक्टोबरनंतर समुद्र थंडच होत जातो. पहिल्या आठवड्यांत खाद्य किती पसरून, किती वेळ दिले? दोन लाख माशांत कमजोर मासा दाण्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याला हॅचरीने काय करावे? आणि फेब्रुवारीतला निर्णय तर आपलाच होता. ज्या गटाने डिसेंबरपर्यंत दुबळेपणा दाखवला होता, त्याला पाच-सहा अंशांच्या पाण्यात कोमट पाण्याची प्रक्रिया देण्याआधी चार माशांची हृदये कोणी पाहिली होती का? उवांची मर्यादा कायद्याने बांधलेली आहे आणि प्रक्रिया टाळता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गोड्या पाण्याची अंघोळ किंवा उवा खाणारे मासे असे सौम्य मार्ग आधी पाहता येतात.

एक शक्यता अजून बाजूला काढायची आहे, कारण ती आकाराचा दोष समजून सुटून जाते. पीआरव्ही-१ या विषाणूमुळे होणारा हृदय आणि स्नायूंचा दाह समुद्रात गेल्यावर साधारण पाच ते नऊ महिन्यांत जास्त दिसतो, आणि आपली मरतूक पाचव्या महिन्यातली आहे. हा विषाणू समुद्रात मिळू शकतो, तसा हॅचरीतूनही अंगात येऊ शकतो. म्हणून नुसता आकार पाहून भागणार नाही. हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवेत आणि पीसीआर चाचणीही हवी.

माझ्या अनुभवाने आपल्या दुसऱ्या गटात दोन गोष्टी एकावर एक चढल्या असाव्यात : टाकीत बराच काळ राहिलेल्या माशांची मूत्रपिंडे किंवा अकाली प्रौढत्व यामुळे शरद ऋतूत काही माशांनी खाणे सोडले, आणि उरलेल्यांपैकी ज्यांची हृदये बोथट किंवा दाहग्रस्त होती ते फेब्रुवारीत गेले. हा अंदाज आहे आणि तो चुकीचा ठरवणे सोपे आहे. पुढच्या आठवड्यात दोन्ही पिंजऱ्यांतून नुकतेच मेलेले आणि चांगले पोहणारे असे दोन्ही प्रकारचे मासे घ्या. फक्त मेलेले घेतले तर तुलनेला काही उरत नाही. प्रत्येकाचे हृदय बाजूने आणि समोरून एकाच पार्श्वभूमीवर फोटोत घ्या, मूत्रपिंडाला गुण द्या, लिंग आणि वृषणाचे वजन लिहा, मग हृदय व मूत्रपिंड यांचे तुकडे फॉर्मलिनमध्ये आणि एक तुकडा पीसीआरच्या द्रावणात ठेवा. हॅचरीकडून अंड्यांपासूनच्या तापमानाची, प्रकाशाच्या वेळापत्रकाची आणि शेवटच्या चार महिन्यांतील कार्बन डायऑक्साइडची रोजची नोंद मागा, सरासरी नको. चांगली हॅचरी ती देते, कारण पुढच्या गटासाठी तिलाही उत्तर हवे असते. आणि हे निकाल हाती येईपर्यंत दुसऱ्या पिंजऱ्यावर गरम पाण्याची दुसरी फेरी करू नका. उवा मोजत राहा, आणि मर्यादा ओलांडली जाणार असे दिसले तर आपल्या मत्स्यआरोग्य अधिकाऱ्यांशी आधी बोलून गोड्या पाण्याची बोट मिळते का ते पाहा.